अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर

छापखान्यात सगळे त्यांना 'अपरोक्षराव' म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. प्रुफं तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ते निमूटपणे दुरुस्त करत, पण 'अपरोक्ष' हा शब्द दिसला की त्यांचं माथं भडकायचं.

"माझ्या अपरोक्ष त्याने हे केलं," असं कुणी लिहिलं असेल तर लाल शाईने तो 'अ' उडालाच म्हणून समजा.

एकदा एक नावाजलेले लेखक तावातावाने त्यांच्या टेबलापाशी आले. "मी लिहिलं होतं, 'नवऱ्याच्या अपरोक्ष तिने घर विकलं.' तुम्ही बदललंत कशाला?"

"मग नवऱ्याने विकू कसं दिलं?"

"म्हणजे?"

"पर म्हणजे पलीकडे, अक्ष म्हणजे डोळा. डोळ्यांच्या पलीकडे घडतं ते परोक्ष. त्याला 'अ' लावला की डोळ्यांसमोरचं. संस्कृतात सरळ अर्थ आहे. तुमच्या वाक्यात नवरा समोर बसलाय, डोळे उघडे आहेत, आणि बाई घर विकतेय."

लेखक हसले. "अहो, पण आपण मराठीत लिहितो ना? हे वाक्य रस्त्यावरच्या कुणालाही वाचून दाखवा. नवरा बाहेर गेला होता, असंच तो सांगेल."

प्रकरण मालकांपर्यंत गेलं. मालकांनी 'अ' परत घालायला लावला. अपरोक्षराव त्या दिवशी डबा तसाच घेऊन घरी आले.

घर दोन खोल्यांचं. खिडकीखाली बायकोचं शिवणयंत्र. ती गल्लीतल्या लोकांचे कपडे शिवायची, पण जास्त करून जुनेच कपडे दुरुस्तीला यायचे: कुणाचा कोट सैल करायचा, कुणाची कंबर आत घ्यायची. नवऱ्याची तक्रार तिने पायाने यंत्र चालवत ऐकून घेतली.

"पण सगळ्यांनी असा उलटा अर्थ घेतला कसा?" तिने विचारलं.

"'अ' ऐकला की लोकांना 'नाही' एवढंच ऐकू येतं. समोर नाही, म्हणून अपरोक्ष. मूळ शब्दातच एक 'पलीकडे' दडलाय, तो कुणाच्या लक्षात राहिला नाही. 'शिक्षा' म्हणजे शिकवणं, आपण तिची छडी करून टाकली. शब्दांचे असे हाल करतात लोक."

"हाल कसले त्यात? माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, अंग सुटलेलं असतं. मी कपडा उसवते आणि सैल करते. अंगाला नावं ठेवत बसले तर धंदा बसेल."

"तुला नाही कळायचं."

"नाही तर नाही. डबा का नाही खाल्लात?"

असं त्यांचं चालायचं. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. दर रविवारी दोघं यायची. सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच अपरोक्षरावांच्या हातून चुका सुटायला लागल्या. आधी ओळीच्या शेवटच्या अक्षरांत, मग कुठेही. एका पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लेखकाचं नाव चुकीचं छापून गेलं. मालक रागावले नाहीत, त्यांनी खुर्ची ओढून जवळ बसत विचारलं, "डोळे दाखवलेत का?" ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं अपरोक्षराव पुढे कितीदा तरी म्हणाले.

काचबिंदू होता. दुखलं-खुपलं काही नव्हतं. कडेकडेने अंधार आत सरकत आला होता आणि गेलेली नजर परत येणार नव्हती. वर्षादोनवर्षांत खिडकीचा तेवढा उजेड उरला, मग तोही विझला.

बायकोने त्यांना सांभाळलं ते मात्र असं, की सांभाळतेय हे जाणवू नये. संध्याकाळी ती त्यांना बागेत न्यायची. तिच्या कोपराच्या वर त्यांचा हात असायचा, आणि रस्ताभर तिचं बोलणं चालू. "समोरून तो बेकरीवाला येतोय, ढेरी आधी आणि तो नंतर." ते हसायचे. त्या हातावर विसंबून आपण जग ओलांडू, असं त्यांना वाटायचं.

आणि एक दिवस तिने त्यांच्या हातात काठी दिली.

"हे कशाला?"

"सवय करा. माझा हात दुखतो हल्ली."

त्यांनी काठी घेतली, पण ते मनाला लागलं. तेवढ्यावर थांबलं नाही. गॅस कसा पेटवायचा, चहाची भांडी कुठली, औषधाच्या बाटल्या बोटांनी कशा ओळखायच्या, हे सगळं ती शिकवायला लागली. त्यांना भाजलं तर जवळ यायची, फुंकर घालायची आणि म्हणायची, "पुन्हा एकदा करा." कपाळावर हात ठेवणं, शेजारी टेकून बसणं, सगळं कमी झालं. घरातसुद्धा जाड स्वेटर घालायला लागली. "थंडी वाजते," म्हणायची.

रविवारी मुलगा-सून आली की बोलण्यात मध्येच खड्डा पडायचा. कुणीतरी काहीतरी विचारलेलं असायचं आणि उत्तराऐवजी कपड्यांची नुसती सळसळ. आंधळ्या माणसासमोर खुणांनी बोलणं चाललंय, हे ओळखायला डोळे लागत नाहीत. अपरोक्षरावांनी मनाशी हिशेब मांडला: बायको थकली, मुलाला जागा नाही, आता आपली रवानगी कुठल्यातरी आश्रमात होणार. म्हणून तर ही काठी आणि हे चहाचं शिक्षण.

एका रविवारी त्यांचा तोल गेला. "मला कुठे नेऊन टाकायचं ठरलंय, ते एकदा सांगून टाका. माझ्या तोंडावर खाणाखुणा कशाला करता?"

सून उठून आत गेली.

"काहीतरीच काय," बायको म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "कुणी कुठे टाकत नाहीये तुम्हाला."

"मग माझा हात का नकोसा झाला तुला?"

तिने यंत्र चालू केलं. त्या दिवसांत यंत्र सारखंच चालू असायचं. कुणाचं शिवतेस, असं विचारलं की म्हणायची, "आहे एक गिऱ्हाईक. सारखी बारीक होते बाई, सारखं आत घ्यायला लागतं."

त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. या अबोल्यातच एका सकाळी स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दुसरा, जड आवाज. ते भिंत चाचपत धावले. ती जमिनीवर होती. त्यांनी तिच्या पाठीखाली हात घातले, उचलण्यासाठी पाय रोवून जोर लावला, आणि तो सगळा जोर वाया गेला. तिला वजनच नव्हतं. स्वेटरच्या आत त्यांच्या बोटांना नुसत्या बरगड्या लागल्या. ते तिला धरून तसेच बसून राहिले. शेजारीण धावत आली, तिने मुलाला फोन केला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई त्यांच्याशी जे बोलल्या ते, सगळं ठाऊक असलेल्या माणसाशी बोलावं तसं. गाठ पोटात होती, बराच काळ होती. उपचार करून झाले होते. "दर महिन्याला त्या सुनेबरोबर यायच्या ना," त्या म्हणाल्या. सुनेबरोबर बाजारात जाते, असं ती सांगायची.

संध्याकाळी ती शुद्धीवर होती. मुलगा-सून बाहेर गेली. ते खाटेशेजारी बसले.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"हो."

"शेजारणीला?"

"तिच्यापासून कसं लपणार? तिला दिसत होतं."

"एवढं सगळं माझ्या अपरोक्ष केलंस?"

शब्द तोंडून निसटला आणि त्यांचा त्यांनाच ऐकू आला. तिलाही ऐकू आला असावा, कारण ती हसली. हसताना तिला धाप लागली.

"बरोबर बोललात," ती म्हणाली. "तुमच्या समोरच तर झालं सगळं. तुमच्या समोरच बसून माझे कपडे आत घेत होते. तुमचा अर्थही खरा आणि लोकांचाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी धडधाकट होते. म्हटलं, तेवढं तरी तसंच राहू दे." मग जरा थांबून, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही चहा करायला शिकला नसतात. रडत बसला असतात."

"मी तुझ्याशी अबोला धरला होता गं."

"धरला होतात. फार वाईट वाटलं मला." हे ती सरळ म्हणाली. 'जाऊ दे' असं म्हणाली नाही. मग तिने आपला हात त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो मनगटापासून दंडापर्यंत बोटांनी वाचला, हळूहळू, एकही जागा न गाळता.

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. ते तिथून हलले नाहीत. ज्या दुपारी ती गेली, त्या दुपारी तिचा हात त्यांच्याच हातात होता. ती झोपलीय असं समजून ते बेकरीवाल्याची काहीतरी गंमत सांगत होते. सून आत आली, जागीच थबकली, आणि म्हणाली, "बाबा... बाबा, थांबा." तेव्हा त्यांना कळलं.

मुलगा त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. पहिले काही महिने ते खोलीतून बाहेर येत नसत. छापखान्यातले लोक भेटायला आले. त्यांच्यातला एक जुना जुळारी, खिळे जुळवणारा, म्हणाला, "वहिनी आजारी होत्या, आम्हाला पत्ताच नाही." ते म्हणाले, "मलाही नव्हता."

मग एका दुपारी मुलगा कामावर गेलेला असताना त्यांनी सुनेला हाक मारली. ती ओल्या हातांनीच आली.

"बस जरा. तू तिला दर महिन्याला घेऊन जायचीस."

"हो." तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. "बाबा, त्यांनी शपथ घातली होती..."

"त्यासाठी नाही बोलावलं. मला सांग, ती शेवटी कशी दिसत होती?"

"कशाला ते? त्यांना नको होतं."

"तिला नको होतं, ते मी ऐकलं. आता मला हवंय. चांगलं चांगलं सांगू नकोस."

सुनेने हात पदराला पुसले आणि त्यांच्या समोर बसली. सुरुवातीला शब्द सापडेनात. मग तिने केसांपासून सुरुवात केली: ते कसे विरळ झाले, भांग कसा रुंद होत गेला. गालांची हाडं कशी वर आली, त्यामुळे डोळे कसे मोठे वाटायला लागले, लहान मुलीसारखे. मानेवरची शीर. ओठांचा रंग. मध्येच ती रडली, थांबली, पुन्हा बोलायला लागली. ते एकदाच बोलले. "सावकाश," म्हणाले, "मी पाहतोय."