पबच्या काचेपलीकडच्या बारा मुली

मी दुबईला निघाले त्या दिवशी बाबांनी कामावरून सुट्टी घेतली होती. हे मुद्दाम सांगते, कारण बाबा सुट्टी घेतच नसत. चिपळूणच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका परमिट रूममध्ये ते मॅनेजर होते आणि हायवेवरच्या गिऱ्हाइकाला सणवार नसतो. मुंबईच्या विमानतळापर्यंत आम्ही भाड्याच्या जीपने गेलो. आई सबंध रस्ताभर माझ्या बॅगेत कुळथाचं पीठ नक्की कुठे ठेवलंय ते सांगत होती. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. काचेच्या दारापाशी ट्रॉली माझ्या हातात देताना ते एवढंच म्हणाले, "हॉटेलात जातेस, जा. फक्त बारमधली ड्युटी घेऊ नकोस." मी म्हटलं, "नाही हो बाबा." आणि सात महिन्यांत बारमधली ड्युटी घेतली.

काय करणार, पगार जास्त होता, टिप वेगळी. पण खरं सांगू, मला आत काय असतं ते बघायचंच होतं. लहानपणी रोज संध्याकाळी मी बाबांचा डबा घेऊन परमिट रूमच्या मागच्या दाराशी जायची. बाबा हात पुसत बाहेर यायचे, डबा घ्यायचे, माझी वेणी जराशी ओढायचे आणि म्हणायचे, "पळ आता." दाराला स्प्रिंग होती, ते आपोआप मिटायचं. मिटता मिटता मला लाल दिव्याचा एक तुकडा, माशांची काचेची पेटी आणि कुणाची तरी पाठ एवढंच दिसायचं. एकदा मी पाय आत टाकला, तर ज्या बाबांनी मला कधी चापटही मारली नाही त्यांनी हात उगारला. "ही पायरी लहानांची नाही," असं म्हणाले. बस, तेव्हापासून ती पायरी माझ्या डोक्यात बसली.

आता मी दुबईच्या बर दुबई भागातल्या एका हॉटेलच्या स्पोर्ट्स पबची असिस्टंट मॅनेजर आहे. घर सोडून चौदा वर्षं झाली. आमच्या दारावर पाटी आहे, एकवीसच्या आतल्यांना प्रवेश नाही, आणि ती पाटी पाळायला लावण्याचं काम माझं. या कामात मी इतकी तरबेज आहे की नव्या मुलींना ट्रेनिंग मीच देते. इंग्रज जोडपी बाळाची गाडी घेऊन येतात आणि चकित होतात, कारण त्यांच्या गावच्या पबात म्हणे रविवारी आख्खं कुटुंब जेवतं, मुलांना रंगवायला कागद देतात. आपली मंडळी चकित होत नाहीत, ती घासाघीस करतात. "अहो मॅडम, तो फक्त फ्राइज खाईल. कोपऱ्यात बसेल. आपल्याच गावच्या दिसता." मी हसून मान हलवते. "सॉरी सर, वरच्या मजल्यावर रेस्टॉरंट आहे, तिथे मुलांचं स्वागत आहे."

पबने मुलांना बाहेर ठेवावं का, यावर आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर तर एकदा दोन दिवस युद्ध चाललं होतं. अर्ध्या जणी म्हणत होत्या की घरी मुलांना सोडायचं कुणापाशी, इथे काय आजी बसलीय का. मी ठाम होते. ठेवावंच. मोठ्या माणसांनाही एक जागा हवी जिथे ते बेसूर गाऊ शकतील, आणि मुलांनी ते बघू नये यातच सगळ्यांचं भलं. माझ्या बाबांनी मला जपलं तसं. हे मी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं.

मग आली भारताच्या महिला क्रिकेट संघाची फायनल.

माझी मुलगी ईरा बारा वर्षांची आहे आणि ऑफस्पिन टाकते. अल क्वोजमध्ये गोदामांच्या रांगेत क्रिकेटच्या सरावाचं एक नेट आहे, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला फर्निचरवाला, मध्ये आमच्या बारा मुली घाम गाळतात. भारताच्या मुली फायनलला पोचल्या तेव्हा ईरा घरात अक्षरशः उड्या मारत होती. तिने मला विचारलं, "मम्मा, कॅन वी वॉच इट ॲट युअर प्लेस? यू हॅव इलेव्हन स्क्रीन्स." मी भाजी चिरत होते. म्हणाले, "बघू."

आता आमच्या पिढीला आईच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो हे कळायचं. दुबईत वाढलेल्या पोरीला कोण सांगणार. दुसऱ्या दिवशी अकरा आयांचे मेसेज आले, सुजाता, थँक्यू सो मच. कुणी केक आणणार होतं, कुणी चेहरे रंगवणार होतं. माझा नवरा खोर फक्कानच्या बंदरात कामाला, आठवडाभर तिकडेच असतो. त्याला फोन केला तर तो पोट धरून हसला.

मी आमच्या हॉटेलचे मॅनेजर थॉमस सरांकडे गेले. म्हटलं, सर, बँक्वेट हॉल द्या. ते म्हणाले, तीन हजार दिरहम. मी मनात नाही, मोठ्याने हिशेब केला, "सत्तर हजार रुपये?" त्यांनी खांदे उडवले. शेवटी वरच्या रेस्टॉरंटमधलं एक टेबल मिळालं आणि भिंतीवरचा एक टीव्ही, जो आमच्या घरच्या टीव्हीपेक्षा लहान आहे. मी कुणाला काही सांगितलं नाही. म्हटलं, येऊ देत, बघू.

हे सगळं चाललं असताना बाबा आमच्याकडेच होते. व्हिजिट व्हिसावर, पहिल्यांदाच. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी चिपळूणला थांबली होती. तीन आठवड्यांत बाबांनी अख्खी दुबई पाहिली, अब्रा बोटीतून खाडी चार वेळा ओलांडली, पण माझ्या पबच्या दारात काही आले नाहीत. मी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा म्हणाले, "तुझ्या कामाच्या मध्ये कशाला?"

रविवारी दुपारी दोनला मॅच. दीड वाजता निळ्या जर्सीतल्या बारा मुली, गालावर तिरंगा रंगवलेल्या, लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि सरळ पबच्या दाराकडे धावल्या. त्यांच्यामागे बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी दारात उभी. आत मोठ्या स्क्रीनवर टॉस दिसत होता. आम्ही खास त्या दिवसासाठी चाकांवरचा एक अवाढव्य स्क्रीन भाड्याने आणला होता. ईरा आत शिरणार इतक्यात मी हात आडवा धरला.

"वर जायचं," मी म्हणाले. "इथे नाही."

"बट मम्मा, इट्स युअर प्लेस."

बाकीच्या अकरा जणी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. तिने त्यांना काय सांगितलं असेल, माझी आई तिथली बॉस आहे, ती काहीही करू शकते, हे मला तिच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. ती वळली. मी आयुष्यात हजार मुलांना त्या दारातून परत पाठवलं असेल, पण लिफ्टचं दार मिटेपर्यंत कुणाकडे बघत उभी राहिले नव्हते.

बाबा मात्र वर गेले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आत एखादं टेबल मोकळं आहे का?" मी त्यांना भिंतीलगतच्या टेबलापाशी बसवलं, लिंबूसोडा दिला. त्यांनी एखाद्या इन्स्पेक्टरसारखी सगळीकडे नजर फिरवली. ग्लास पुसायचं फडकं कोरडं आहे का तेही पाहिलं. पंधरा मिनिटांनी मी त्यांच्याजवळ गेले तर म्हणाले, "ती काच कुठे उघडते?"

आमच्या पबची एक बाजू पूर्ण काचेची आहे, पलीकडे हॉटेलचं मोकळं अंगण. काचेवर पडदे कायम ओढलेले असतात. मी ते सांगितल्यावर बाबा म्हणाले, "मग स्क्रीन फिरव. तिकडे तोंड कर. आम्ही असंच करायचो. मोठी मॅच असली की बारमधला टीव्ही रस्त्याकडच्या खिडकीत फिरवायचा. पोरंटोरं बाहेर, गिऱ्हाईक आत. मालक ओरडायचा. मी म्हणायचो, गिऱ्हाइकाला मान वळवायला काय होतं?"

त्या रस्त्यावरच्या गर्दीत मीही कितीदा उभी असायची. टीव्ही खिडकीत कोण फिरवतं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मी त्यांना म्हटलं, "बाबा, मग आतच का नाही घेतलंत कधी? इतकं होतं काय तिथे?"

बाबांनी ग्लास गोल फिरवला. "दारूचं काही नाही गं. गिऱ्हाईक मला कसं बोलायचं ते तू ऐकू नयेस म्हणून."

मी थॉमस सरांकडे धावले. मुली बाहेर, दारू आत, पाटीला धक्का नाही, खलास. सरांनी काचेकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, मग म्हणाले, "यल्ला, चला, करा, पण तक्रार आली तर तू बघायचंस." आम्ही चौघांनी तो स्क्रीन ढकलत काचेपाशी नेला आणि अंगणाकडे तोंड करून उभा केला. पडदे सरकवले. स्विमिंग पूलच्या स्पीकरवर कॉमेंट्री जोडली. बारा मुली खाली धावत आल्या आणि काचेसमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. हवा सुरेख होती. आपली पहिली विकेट गेली, मग दोन सलग चौकार बसले आणि बाहेरचा आरडाओरडा काचेतून आत यायला लागला. भिंतींवर अकरा स्क्रीन होतेच, पण आतली निम्मी माणसं मॅच सोडून त्या मुलींकडेच बघत होती.

तक्रार आलीच. पुढच्या टेबलावर सहा जण होते, त्यांनी मोठ्या स्क्रीनसाठीच ते टेबल घेतलं होतं. त्यातल्या एकाने चुटकी वाजवली. "ए मॅडम, इधर आओ. हमने टेबल क्या स्क्रीन की पीठ देखने के लिए लिया है?" पुढे अजूनही काही बोलला, ते इथे लिहीत नाही. मी या सगळ्याला सरावलेली आहे. पण नेमक्या त्याच क्षणी माझी नजर काचेकडे गेली. ईरा स्क्रीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

बाबांचं वाक्य कानात ताजं होतं. काचेला लागूनच पडद्याची दोरी होती आणि माझा हात खरंच तिच्याकडे गेला. पडदा अर्धा ओढला असता तरी ती मला दिसली नसती, मी तिला दिसले नसते. भिंतीलगत बाबा बसले होते. तेही माझ्या हाताकडेच बघत होते. मी दोरी सोडली. टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "सर, स्क्रीन आज मुलींचाच राहील. तुम्हाला बारसमोरचं टेबल देते, तिथून दोन स्क्रीन दिसतात. पण चुटकी परत वाजवायची नाही. बसा." हे हिंदीत म्हटलं, हळू आवाजात. तो बारसमोरच्या टेबलाकडे गेला आणि बसला.

शेवटच्या तीन ओव्हरना तर मी स्वतः कुठे उभी होते मला आठवत नाही. कुणी ग्लास टेबलावर ठेवून अंगणात पळत होतं, मी दारात "ग्लास आत, सर, ग्लास आत" असं ओरडत होते. चुटकीवालाही बाहेर मुलींच्या मागे चवड्यांवर उभा होता, हे मी पाहिलं. शेवटची विकेट पडली आणि बाहेर बारा, आत साठ जण एकाच सुरात किंचाळले. माझ्या बाबांनी लिंबूसोड्याचा ग्लास सांडला आणि पुसायला स्वतःच फडकं शोधायला लागले.

नंतर अंगणात केक कापला. ईरा माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. तोंडाला चॉकलेट, गालावरचा तिरंगा पसरलेला.

"मम्मा, दॅट मॅन वॉज रूड टू यू."

"कामात होतं असं कधीकधी," मी म्हणाले.

"बट ही सॅट डाउन," ती म्हणाली. "यू टोल्ड हिम, अँड ही जस्ट सॅट डाउन." मग ती मैत्रिणींकडे धावली आणि हातवारे करून तेच त्यांनाही सांगायला लागली.

पबच्या दारावरची पाटी अजून तशीच आहे आणि ती असावी असंच मी आजही म्हणते. ईरा एकवीसची होईपर्यंत आत येणार नाही. पण बायकांच्या ग्रुपवर मी तेव्हा जे लिहिलं होतं ते आता तसं लिहिणार नाही. बाबा मला कशापासून जपत होते हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हा दोघांनाही हे ठाऊक असेल की आपण घरी फोन करतो तेव्हा आपली थोडी दुरुस्त केलेली आवृत्ती पाठवतो. माझीही एक होती, आणि ती एकटी मीच पाठवत नव्हते. केकचा तुकडा हातात धरून बाबांनी आईला फोन लावला. आईने तिकडे स्पीकर चालू केला असावा, कारण मला तिचं सगळं ऐकू येत होतं. मॅच जिंकल्याचं बोलून झालं, मग बाबा म्हणाले, "अगं, आज मी आपल्या सुजाचा बार पाहिला. आत बसलो होतो. सगळा बार ती एकटी चालवते."

आई घाईघाईने म्हणाली, "हळू बोला. सावंतकाकू बसल्यात इथे." मग आणखी हळू, "त्यांना आपण ती हॉटेलच्या ऑफिसात आहे म्हणून सांगितलंय."

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बसू देत. त्यांनाही सांग."

मग सावंतकाकूंचा आवाज आला, "बार? म्हणजे कसं हो, जरा नीट सांगा तरी." आणि बाबा सांगायला लागले. फडक्यापासून सुरुवात केली. मी चौदा वर्षांपूर्वी चिपळूणहून निघाले खरी, पण त्या घरात मी जशी आहे तशी पोचले ती त्या संध्याकाळी.