सासूबाईंचा दुधाळ प्लाझ्मा

लंडनच्या पिनर भागातल्या ज्या क्लिनिकमध्ये मी नोकरी करते, तिथे दुखऱ्या गुडघ्यावर पेशंटचंच रक्त वापरतात. हातातून रक्त काढायचं, ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवायची. लाल पेशी तळाला बसतात, वर पिवळा प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला भाग सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा, तो डॉक्टर गुडघ्यात देतात. ओढून घ्यायचं काम माझं, आणि त्यात माझा हात कुणी धरणार नाही, सांगून ठेवते.

गेल्या श्रावणात सासूबाईंची पाळी आली. ऑक्टोबरात माझ्या लेकीचं लग्न होतं आणि त्यात नातीबरोबर फुगडी घालायचीच, हा त्यांचा हट्ट. इथे जिना उतरताना 'आई गं' चालायचं!

मी आधीच बजावलं होतं, "आई, सकाळी अगदी हलकं खा. तेलतूप नको."

"मला नको शिकवूस. सोमवार आहे, माझा उपास असतो."

मी निश्चिंत झाले. ट्यूब फिरवून बाहेर काढली आणि बघते तर काय, पिवळ्याऐवजी दुधाळ पांढरं! रक्तात चरबी उतरली की असं होतं.

"आई, काय खाल्लंत?"

"काही नाही गं. साबुदाण्याची खिचडी. तूप जरा सढळ पडलं. आणि बटाट्याचे पापड तळले."

"अहो, याला उपास म्हणतात?"

"मग? कांदा-लसणाला हात नाही लावला मी!"

डॉक्टर ग्लासगोहून महिन्यातून एकदाच येतात. त्यांनी ट्यूब उजेडात धरली आणि मान हलवली. हे देणार नाही, पुढच्या महिन्यात या. पुढे गुडघा सुधारायला काही आठवडे, म्हणजे लग्न हुकलंच. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"ती लहान असताना रोज फुगडी घालायचो गं आम्ही दोघी," त्या म्हणाल्या. "मला म्हातारीला दुसरं काय देता येणार तिला?"

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी डॉक्टरांना कॉरिडॉरमध्ये गाठून गयावया केली. ते हसले. म्हणाले, मुक्काम इथेच आहे, उद्या सकाळी निघण्याआधी देतो, पण खिचडी नको.

मंगळवारी प्लाझ्मा लिंबाच्या सरबतासारखा स्वच्छ निघाला. जीव भांड्यात पडला.

गुडघा काही नवा झाला नाही, पण दुखणं पुष्कळ उतरलं. लग्नात वेम्बलीच्या हॉलमध्ये सासूबाईंनी पदर खोचला.

"आजी, आर यू शुअर?" लेक घाबरली.

"बोलू नकोस, पाय जुळव!"

थोड्या वेळात लेकच दमली. सासूबाईंनी तिचे हात सोडले नाहीत. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, तरी सोडले नाहीत.