ठिपक्याच्या मागे

वडिलांनी उभा जन्म ऊसतोडीत काढला. शेवटी त्यांचं भान हरपलं, तरी दिवाळी सरली की ते अस्वस्थ व्हायचे. टोळी निघाली, मला ठेवून जातील, म्हणत पाथर्डीच्या स्टँडकडे चालू लागायचे. मी शाळेत शिकवते. दिवसभर त्यांच्यामागे राहणं जमत नव्हतं. म्हणून मोबाईलच्या दुकानातून बटणाएवढा एक ट्रॅकर आणला आणि त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात शिवून टाकला.

दुकानदारानं नीट समजावलं होतं. त्यात सिमकार्ड नसतं. त्याची हाक चार-दोन घरांपलीकडे जात नाही. पण जवळून कुणाचाही मोबाईल गेला, तर तो ती हाक ऐकतो आणि जागा नेटवरून आपल्याला कळवतो. त्या माणसाला पत्ताही नसतो. मला ते फार बरं वाटलं. वडिलांवर साऱ्या जगाची नजर राहील, असं वाटलं.

गेल्या हंगामात एका सकाळी ते निघून गेले. मोबाईलवर ठिपका स्टँडवर दिसला. आम्ही पोहोचेपर्यंत तो शेवगावच्या रस्त्याला लागला होता, झपाट्यानं पुढं सरकत होता. नवरा म्हणाला, गाडीत बसलेत, निदान पायी तरी नाहीत. आम्ही जीप केली. मध्ये ठिपका दिसेनासा व्हायचा, मग एखाद्या गावाजवळ पुन्हा उमटायचा. दुपारी तो श्रीरामपूरच्या अलीकडे, उसाच्या एका फडापाशी थांबला.

तिथं तोडकऱ्यांच्या राहायच्या कोप्या उभ्या राहत होत्या. पाठमोरी ती बंडी मला लांबूनच दिसली. मी धावत जाऊन खांद्याला हात लावला. वळला तो तिशीतला एक परका माणूस.

तो घाबरला. मग म्हणाला, "स्टँडवर एका बाबांनी अंगातली काढून दिली. म्हनले, फडात सकाळी लई गारठा आसतो, तुला लागंल."

"आणि ते कुठं गेले?"

"आमच्या गाडीत येतो म्हनत हुते. मुकादमानं घेतलं न्हाई." त्यानं मान खाली घातली. "मग गाडीच्या मागं चालत निघाले."

आमची जीप त्याच रस्त्यानं आली होती. कुठंतरी आम्ही त्यांच्या शेजारून गेलो असणार. माझी नजर मोबाईलवरच होती.

परतताना गावोगाव थांबलो. एका टपरीवाल्यानं सकाळी एका म्हाताऱ्याला पाणी पाजल्याचं सांगितलं. त्या टपरीपुढं त्यांना पाहिलेलं कुणी भेटलं नाही. तक्रार दिली, फोटो वाटले, दवाखाने पाहिले, विहिरींत वाकून पाहिलं.

आता आठ महिने झाले. क्रियाकर्म उरकून घ्या, असं भावकी म्हणते. नवराही आता तेच म्हणतो. मी सुट्टीच्या दिवशी शेवगावच्या एसटीत खिडकीशी बसते आणि रस्त्याच्या कडेची माणसं बघत जाते.