नुसते ओठ हलव

संगीताच्या बाईंना मुलं पाठीमागे सूरबाई म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी, तिखट कानांची. लहानपणी दुकानात एखादं बेसूर वाद्य खोलून ठेवलेलं असलं की सूर जागेवर येईपर्यंत त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आई म्हणायची, "ही पोर सासरी काय करणार? तिथे भांडी आपटली तरी सूर बघेल." सासरी जायची वेळ काही आली नाही. वडील म्हातारे झाले, दुकान बंद झालं, आणि सूरबाई प्राथमिक शाळेत लागल्या त्या तिथल्याच होऊन गेल्या.

शाळेचा संगीताचा वर्ग जिन्याखाली होता. खोली इतकी चिंचोळी, की पियानो भिंतीला तोंड लावूनच ठेवावा लागे. त्यामुळे वाजवताना बाईंची मुलांकडे पाठ असायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. मुलं बघायची नसतात, ऐकायची असतात, असं त्या म्हणत.

आता, गाणं शिकवणाऱ्या माणसाकडे एक जुना इलाज असतो. तो पुस्तकात नसतो, पण सगळे करतात. स्पर्धा जवळ आली की बेसूर मूल मागच्या रांगेत न्यायचं, वाकून त्याच्या कानाशी हळूच सांगायचं, "तू नुसते ओठ हलव हं. छान दिसतोस." कुणी रडत नाही. आईबापांना मूल रंगमंचावर दिसतं, परीक्षकांना गाणं सुरेल लागतं. शिक्षकांच्या खोलीत अशा मुलांना मासे म्हणत. चित्रकलेचे सर दरवर्षी विचारायचे, "काय बाई, यंदा किती मासे गळाला लागले?" आणि सूरबाई हसून चहाचा कप पुढे ओढायच्या.

यंदा एकच लागला होता. तिसरीतली एक मुलगी, केस घरीच कापल्यासारखे आखूड, वाकडेतिकडे, गुडघ्यावर कायम खपली. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. त्यात तो बारीक असता तरी चाललं असतं, पण ही गायची ती सगळं अंग ओतून, डोळे मिटून, इतकी खुशीत की शेजारची मुलंही सूर सोडून तिच्या मागे जायची. तिच्यामुळे सगळं गाणं एका बाजूला कलायचं.

सूरबाईंनी तिला मागे नेलं, वाकल्या, ठरलेलं वाक्य सांगितलं.

मुलीनं विचारलं, "सगळं गाणं?"

"सगळं."

"कधीपर्यंत?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाईंना हसू आलं. "मी सांगेपर्यंत," त्या म्हणाल्या, आणि पियानोकडे वळल्या.

स्पर्धेत शाळा पहिली आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, प्रार्थनेनंतर सगळं वाचून दाखवलं: चित्रकलेत चार मुलांना पारितोषिक, धावण्याच्या शर्यतीत चौथीचा मुलगा दुसरा, विज्ञान प्रदर्शनात पाणी गाळायचं यंत्र निवडलं गेलं, आणि समूहगायनात प्रथम क्रमांक. टाळ्या झाल्या. सूरबाईंचा ऊर भरून आला. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात खड्यासारखी टोचत होती. ढाल देताना परीक्षकांपैकी एक वयस्क गृहस्थ त्यांच्याजवळ येऊन म्हणाले होते, "मागच्या रांगेतली ती आखूड केसांची मुलगी. काय आवाज आहे हो. अंगावर काटा आला."

म्हाताऱ्याचा कुठे तरी घोटाळा झाला, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

पण त्यानंतर शाळा हळूहळू शांत व्हायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शाळेत शांतता म्हणजे चांगलीच गोष्ट. मधल्या सुट्टीत पोरं धावत, एकमेकांना ढकलत, पण जिन्यावरून खाली येणारा तो कल्ला नव्हता. तिसरीच्या वर्गशिक्षिका कौतुकानं सांगत होत्या, "पाढे म्हणायला सांगितले की कसे म्हणतात म्हणून सांगू. एक चूक नाही. आणि डोकं म्हणून दुखत नाही हल्ली माझं." चित्रकलेचे सर म्हणाले, "आधी वाटलं माझेच कान गेले." मग तपासणीला आलेल्या साहेबांनी शिस्तीसाठी शाळेचं नाव पुढे पाठवलं. मोठ्या बाईंच्या कार्यालयातल्या कपाटात ढालीशेजारी आणखी एक ढाल आली.

एका दुपारी सूरबाई सराव घेत होत्या. वाजवता वाजवता त्यांना वाटलं, आज गाणं फार पातळ लागतंय, जेमतेम चार-पाच मुलं गात असावीत. त्या रागानं मागे वळल्या. अख्खा वर्ग गात होता. भरघोस, सुरेल, एकेक शब्द स्वच्छ. त्या परत पियानोकडे वळल्या आणि गाणं पुन्हा चार-पाच गळ्यांवर आलं. पुन्हा वळल्या. भरलं. मग त्यांनी मुलांकडे तोंड करूनच डोळे मिटले.

चार-पाच आवाज. बाकीचा अंधार.

त्यांनी डोळे उघडले. मागच्या रांगेतून ती आखूड केसांची मुलगी त्यांच्याकडे बघत ओठ हलवत होती, आणि ती बघत असताना तिचा आवाज त्यांना स्वच्छ ऐकू येत होता. बिजागरीसारखा नव्हे. फार सुंदर. तिच्या शेजारच्या मुलांचे ओठ अगदी तिच्यासारखेच हलत होते. बाईंनी पियानोचं झाकण लावलं. "आज एवढं पुरे," त्या म्हणाल्या, आणि मुलं एका ओळीत, पाय न वाजवता निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी त्या मुलीची आई आली. बस डेपोच्या चौकशी खिडकीवर काम करणारी, अंगावर गणवेश तसाच. संगीताच्या खोलीत बसायला जागा नव्हती म्हणून पियानोच्या स्टुलावर टेकली.

"मी तक्रार करायला नाही आले बाई. मला आधी कळलंच नाही हो. माझा अख्खा दिवस काचेमागे जातो. बाहेर माणसं बोलतात, मला ओठांवरून कळतं. सवयच झालीय. ही घरी बोलायची, मला सगळं कळायचं. आज डबा नको, चपलेचा पट्टा तुटला, सगळं. धाकट्यानं दाखवून दिलं."

"काय?"

"झोपताना दिवा घालवला की रडतो. म्हणतो, दिवा घालवला की ताई नाहीशी होते." ती पुढे म्हणाली, "मी पण बघितलं. अंधारात दोघं शेजारी झोपलेले. याचा आवाज येतो. हिचा येत नाही. मी म्हटलं, बोल ना गं. हाताला लागतात तिचे ओठ, हलत असतात. आवाज नाही."

सूरबाईंनी दार लोटून घेतलं.

"मी तिला विचारलं, कुणी सांगितलं तुला असं करायला? तुमचं नाव घेतलं तिनं. म्हटलं, मग बाईच सांगतील ना थांब म्हणून. एकदा सांगाल का?" मग उठता उठता, जणू आपल्यालाच म्हणाली, "घर डोक्यावर घ्यायची हो. शेजारी भिंत ठोकायचे. तेव्हा मी तिला गप्प बस म्हणायचे."

सूरबाईंनी तासाभरात मुलीला बोलावून घेतलं. तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या, दोन्ही खांदे धरले. "हे बघ, आता पुरे. आता गा. मोठ्यानं गा, कशीही गा. मी सांगतेय ना."

मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, थोडा वेळ वाट बघितल्यासारखी उभी राहिली, आणि डोळे उघडून मान हलवली. तिचे ओठ हलले. "तुम्ही कुठे सांगितलंत?"

"अगं, आत्ताच सांगितलं."

मुलीनं पुन्हा मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. बाईंची कीव केल्यासारखं काही तरी होतं.

संध्याकाळी सूरबाई घरी आल्या. वडिलांच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ते पलंगावर उशीला टेकून बसलेले. बाईंनी पिशवी ठेवली, चहा टाकला, आणि मन मोकळं करावं म्हणून पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली. मुलगी, तिची आई, काचेची खिडकी, सगळं. चहाचा कप वडिलांच्या हातात दिला तेव्हा ते म्हणाले,

"आलीस ना कधीची? पावलं ऐकली मी. मग रागावलीयस का माझ्यावर?"

"मी कशाला रागावू, बाबा?"

वडील वाट बघत होते. पट्टीखालचा चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवायचा होता, पण दिशाच सापडत नसल्यासारखी मान थोडी इकडे, थोडी तिकडे.

"चार दिवस झाले," ते म्हणाले. "पट्टी बांधल्यापासून एक शब्द नाही. औषध हातात देतेस, पाणी देतेस. मी आपला एकटाच बडबडतोय. काही चुकलं का माझं, बाळ?"

सूरबाईंनी दोन्ही हात गळ्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "बाबा." त्यांना आपला आवाज ऐकू आला, नेहमीसारखा स्वच्छ. पण बोटांखाली गळा थंड होता. काही थरथरलं नाही. समोर कपाटाचा आरसा होता. त्यात त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा "बाबा" म्हटलं, आणि खोलीत गॅसवर उरलेल्या चहाच्या उकळीखेरीज काही नव्हतं.

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. वडिलांचा हात उचलून आपल्या गळ्यावर ठेवला. त्या हातानं आयुष्यभर बंद पडलेली वाद्यं चाचपली होती. तो गळा चाचपत राहिला, कानामागून खाली, जबड्याखाली. "ढकल," वडील म्हणाले. "सुरात काढायला जाऊ नकोस. आधी नुसता निघू दे." त्यांनी ढकललं. खूप वेळानं घशातून एक खरखर निघाली, माठ फरशीवर ओढल्यासारखी. वडिलांचा चेहरा एकदम सैल झाला. "हां," ते म्हणाले, "आहेस."

त्यापुढे मात्र एक अक्षर निघालं नाही.

दोन दिवसांनी वार्षिक समारंभ होता. सभागृह पालकांनी गच्च भरलं. मोठ्या बाईंनी वर्षाचा अहवाल वाचला: चित्रकला, शर्यत, पाणी गाळायचं यंत्र, दोन्ही ढाली. पालकांच्या माना कौतुकानं हलत होत्या. मग पडदा सरकला, समूहगायनाची वेळ झाली. पियानो इथेही भिंतीला लावलेला. सूरबाई मुलांकडे पाठ करून बसल्या आणि त्यांनी पहिली पट्टी दाबली.

मागून एकही आवाज आला नाही.

सुरुवात झाली, पहिलं कडवं संपलं, दुसरं लागलं. सभागृहात फक्त पियानो वाजत होता. सूरबाईंनी मान वळवली नाही. वळवली असती तर गाणं ऐकू आलं असतं, आणि ते इतकं सुंदर असतं की त्या बसल्या जागी वाजवतच राहिल्या असत्या. त्यांनी तिरक्या नजरेनं फक्त प्रेक्षकांकडे पाहिलं. पालक डुलत होते. एक बाई डोळे पुसत होत्या. बाईंनी पट्ट्यांवरून हात उचलले. पालक डुलतच राहिले.

पाठच्या ओळीत चौकशी खिडकीवाली आई तेवढी ताठ बसली होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते.

सूरबाई उठल्या. पायाखालच्या फळ्या करकरल्या. डोळे जमिनीला लावून त्या मागच्या रांगेपर्यंत गेल्या आणि पहिल्यांदा वाकल्या होत्या तशाच मुलीच्या कानाशी वाकल्या. "गा," त्यांनी म्हटलं, आणि त्यांना कळलं की काहीच निघालेलं नाही. त्यांनी डोळे मिटले. मुलीचा हात शोधून आपल्या गळ्यावर ठेवला. छोटा, घामेजलेला हात. मग सूर नाही, ताल नाही, शोभेल न शोभेल याचा विचार नाही, सगळं अंग ओतून त्यांनी ढकललं.

जे निघालं ते गाणं शिकवणाऱ्या बाईच्या तोंडून निघावं असं नव्हतं. फाटलेलं, चिरकं, भर सभागृहात. पण त्यात "गा" होतं.

मुलीचा हात गळ्यावर तसाच राहिला. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या कानाशी गंजलेली बिजागरी करकरली. आधी अडत, थांबत. मग ती चढली, जिथे चढायला नको तिथे, आणि बाईंना वाटलं की दुकानात खोलून ठेवलेलं एखादं वाद्य कुणी नकळत छेडलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी दचकून सूर चुकवला, म्हणजे त्याचाही सूर होता. मग आणखी एक. गाणं सगळं एका बाजूला कललं.

डोळे उघडले तेव्हा पालक एकमेकांकडे बघत होते, कुणाला तरी खोकला येत होता, एक तान्हं मूल रडत होतं. मोठ्या बाई पहिल्या ओळीतून उठून रंगमंचाच्या कडेशी आल्या होत्या. संतापल्या होत्या. पाहुण्यांसमोर हे काय, शाळेची अब्रू, ताबडतोब पडदा ओढा, सगळं सूरबाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होतं. नेहमीचा ठणठणीत आवाज, अहवाल वाचतानाचा.

सूरबाईंनी डोळे मिटले.

मोठ्या बाईंच्या बाजूनं काहीही येत नव्हतं. बाळाचं रडणं येत होतं, खुर्च्यांची सरकासरक येत होती, अर्धा सूर चढी बिजागरी येत होती. मोठ्या बाई उभ्या होत्या तिथे, तिथून शाळेच्या कार्यालयापर्यंत, त्या ढालींच्या कपाटापर्यंत, मिट्ट शांतता होती. कधीपासूनची असेल, याचा विचार करायचं त्यांच्या छातीत बळ नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. मुलीनं कडवं पुरं केलं आणि न थांबता पुढचं धरलं.