जोडीला एकच पुस्तक

रविवारच्या मराठी वर्गाचं टाचण लिहायला बसते आणि पानभर किस्सेच लिहून होतात! इकडे हिंदी मुलखात, नगरा नावाच्या वस्तीत, आमच्या बैठकीच्या खोलीत आठ मुलं येतात. कुणाचे बाबा फौजेत, कुणाचे कंपनीत इंजिनिअर. मराठी सगळ्यांना समजते. बोलायची वेळ आली की हिंदी! म्हणून मी व्याकरण बाजूला ठेवलं आणि एक कादंबरी घेतली. दोन मैत्रिणी, आणि त्यांनी एकमेकींना सांगितलेल्या गोष्टी.

*

पहिल्या दिवशी मी मैत्रीवर वीस मिनिटं बोलले. अगदी तळमळीने. मग विचारलं, "काही शंका?"

तन्वीने हात वर केला. "दीदी, किताब कब शुरू होगी?"

*

गृहपाठ दिला : 'माझा सगळ्यात जुना मित्र'. सहावीतल्या शर्वरीने सामानाच्या काळ्या ट्रंकेवर लिहिलं. ट्रंक नंबर सात. 'ती माझ्याबरोबर चार गावं फिरली. माणसं तिथेच राहतात.'

बाबांची सारखी पोस्टिंग, म्हणून ही कुणाशी बोलायचीच नाही. मी हट्टाला पेटले. हिला मैत्रीण मिळालीच पाहिजे!

*

प्रती कमी, त्यामुळे जोडीला एकच. एकीने घरी प्रकरण वाचायचं, रविवारी दुसरीला सांगायचं. पुढच्या आठवड्यात उलट. शर्वरीची जोडी मी तन्वीशी लावली.

तन्वी सांगू लागली, "मग त्या दोघी आपल्या इथल्या बडा बाजारात गेल्या, टिक्की खाल्ली, तर एक बकरी मागे लागली..."

"तन्वी! हे पुस्तकात कुठे आहे?"

"ताई, मध्ये बोलू नका ना!"

ही शर्वरी होती. दोन महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य!

*

शर्वरीचे बाबा सुभेदार. तक्रार घेऊन आले. "मॅडमजी, यात प्रश्नोत्तरंच नाहीत. परीक्षेला काय उपयोग?"

मी भाषण सुरू करणार, तोच ते माझी प्रत तपासायला घेऊन गेले. आठ दिवसांनी मी परत मागितली.

"दोन दिवस थांबा. त्या दोघींचा अबोला अजून सुटला नाही!"

*

मग सुभेदारांची पुढची पोस्टिंग आली. तीन प्रकरणं उरली होती. शेवटच्या रविवारी मी पुस्तक शर्वरीच्या हातात दिलं. "गाडीत वाचून टाक."

तिने ते तन्वीपुढे सरकवलं. "आता वाचायची पाळी हिची आहे."

"फोन पे सुनाऊँगी," तन्वी म्हणाली. "दर रविवारी एक."

"आणि तीन झाल्यावर?" शर्वरीने विचारलं.

"तीनच आहेत असं कोण म्हणालं?"