दमणीची कोरी चिठ्ठी

दिनकर मास्तर गेल्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी विट्यात वारले. अर्धांगाच्या झटक्यानंतर एकोणीस दिवस त्यांची वाचा बंद होती.

आमची ओळख बहात्तरच्या दुष्काळात झाली. ते प्राथमिक शिक्षक. मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक. वाहनांची नावं कुठून आली, यावर त्यांनी लेख आणला होता. रिक्षा हा शब्द जपानचा, माणसाच्या जोरावर चालणारी गाडी असा त्याचा अर्थ. छकडा संस्कृतातल्या शकटापासून. फटफटी तिच्याच आवाजावरून. गावाकडची नावं मात्र एकेका गाडीवानाच्या सांगण्यावर लिहिलेली. मी लेख परत दिला. "एकाच्या तोंडचं आम्ही छापत नाही, मास्तर. दुसरा माणूस हवा."

त्यांनी तो नियमच करून टाकला. चिठ्ठीवर शब्द लिहायचा, खालची जागा कोरी ठेवायची. वेगवेगळ्या गावच्या दोघांनी एकच मूळ सांगितलं, की मगच ती भरायची. तोवर ऐकलेलं सगळं डोक्यात. बाजाराच्या दिवशी ते बैलगाड्या सुटतात तिथे जाऊन बसत. एकदा मीही बरोबर होतो. "आवं मास्तर, गाडीला कसली आलीया कुळी?" एक गाडीवान हसला. "तुज्या बैलाची कुळी सांगाया तासभर घेतोस की रं गड्या," मास्तर म्हणाले. "घरी म्हाताऱ्यांस्नी इचार आन् मला कळीव."

झटका आल्याचं कळल्यावर मी विट्याला गेलो. मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी, चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला. मी एकेक कोरी चिठ्ठी मोठ्याने वाचत गेलो. 'दमणी' म्हणताच (माणसांच्या प्रवासाची ही हलकी बैलगाडी) त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "ता... ता..." तासगावच्या कोणी सांगितलं? मान हलली, नाही. तात्या? नाही. ताडपत्री? ...मी सुचतील ते शब्द म्हणत राहिलो. "आवं, ऱ्हाऊ द्या आता," काकू म्हणाल्या. "घाम फुटलाय त्यांस्नी." मास्तरांनी माझा हात सोडला नाही. तो मलाच सोडवून घ्यावा लागला. सांगलीची एस्टी साडेपाचला होती.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मास्तरांच्या नावे पोस्टकार्ड आलं. काकूंनी ते माझ्याकडे पाठवलं. मजकूर असा : "मास्तर, घरी इचारलं. दमणीचं तुमी म्हणला तसंच आमच्याकडंबी सांगत्यात. लिवा आता."

खाली नाव नाही. गाव नाही. शिक्का फलटणचा आहे.