दोन लेखांत एकच भाषा

"साळुंके, ह्या दोघांत चोर कोण, ते संध्याकाळपर्यंत सांगा," म्हणत संपादकांनी दोन कात्रणं माझ्या टेबलावर टाकली.

आमचं छोटं दैनिक धाराशिवातून निघतं. मी तिथं सब-एडिटर आहे. म्हणजे दुसऱ्याचं लिखाण दुरुस्त करून, जागेत बसवून छपाईला पाठवणारा माणूस. टीव्ही मालिकांवर आमच्याकडे दोघं लिहायचे. मंगळवारी पुण्याचे एक प्राध्यापक आणि शनिवारी जळकोटच्या सुमनताई. ताई घरी शिलाईकाम करतात. मशीनवर बसून मालिका बघायच्या, कागदावर लिहायच्या आणि त्याचा फोटो मला पाठवायच्या.

त्या आठवड्यात दोघांनी एकाच मालिकेवर लिहिलं होतं. प्राध्यापकांचा संपादकांना फोन आला, 'बाई माझी शैली उचलतात.'

मी कात्रणं शेजारी शेजारी ठेवली. 'कथानकाची वीण सैल होत जाते' हे दोन्हीकडे होतं. 'अभिनयात सच्चेपणाचा अभाव जाणवतो' हेही होतं. शेवटचा परिच्छेद दोन्हीकडे 'एकंदरीत'नं सुरू होत होता. वाचता वाचता लक्षात आलं. ही वाक्यं त्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती. माझी होती.

प्राध्यापकांचं एक वाक्य आठ ओळी चालायचं आणि कर्ता वाटेत हरवायचा. मी ते तोडायचो आणि सांधायला माझे शब्द घालायचो. ताईंचं वेगळं. त्यांनी लिहिलं होतं, 'सासू सोमवारी मरायला टेकती अन् शुक्रवारी उठून पोळ्या लाटती. सून चार महिने झालं रडायलीय, पण एकदाबी पदर वला झाला न्हाय.' हे पेपरात शोभत नाही, असं मला वाटलं. मी स्वतः बेंबळीचा. आमच्या घरी असंच बोलतात. तरी खोडलं आणि तिथंही माझीच वाक्यं घातली.

संध्याकाळी केबिनमध्ये गेलो.

"काय निघालं?"

"साम्य आहे, साहेब."

"बाईंनी उचललंय ना?"

"तसं सांगता येत नाही."

"त्यात काय सांगायचं? प्राध्यापक कशाला उचलतील जळकोटच्या बाईचं?"

'साहेब, ते मी लिहिलंय,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच महिन्यात आमच्या डेस्कवरचे दोघं कामावरून कमी केले होते. मी होकारार्थी मान हलवली. 'मजकुरातील साम्यामुळे शनिवारचे सदर बंद करत आहोत' अशी चौकट अंकात गेली. तीही मीच लिहिली.

ती छापून आली त्या सकाळी ताईंचा फोन आला.

"सर, म्या त्या सरांचं कधी वाचलेलंच न्हाय. आमच्यात फकस्त शनवारचा पेपर घेत्यात."

"हं."

"मग त्यांचं माझ्यात आलं कुठनं? दोघांचं तर तुमीच बघता."

"होतं ताई, कधीकधी."

"कसं होतं, सर?"

मग त्याच म्हणाल्या, "बाया ब्लाऊज टाकायला येत्यात अन् हसत्यात. माप तरी आमचंच घेती का गं, का चोरून आणती, म्हणत्यात."

पुढच्या आठवड्यात मी संपादकांना खरं सांगितलं. खुलासा छापा म्हणालो.

"आता सुचतंय तुम्हाला? आमच्याच माणसानं केलं, असं छापू? उद्या कोण पेपर हातात धरील? जा, पान लावा."

मी एसटीनं जळकोटला गेलो. ताईंना सगळं सांगितलं. मशीन थांबवून त्यांनी ऐकून घेतलं. मी माफी मागितली.

"हे पेपरात येणार हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला सांगून काय उपेग, सर? मला तर म्हाईतच हुतं की म्या चोरलं न्हाय."

पुन्हा मशीन सुरू झालं. मी निघालो. त्यानंतर ताईंनी काही लिहिलं नाही. दुसऱ्या पेपरात पाठवा म्हणून मी दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. प्राध्यापकांचं सदर चालू आहे आणि ते अजून माझ्याकडेच येतं.

सब-एडिटरचं नाव कुठं छापत नाहीत. त्यानं घातलेल्या वाक्याचा जाब, वर ज्याचं नाव असतं त्यालाच द्यावा लागतो. डेस्कवर नवीन कुणी आलं की मी एवढंच सांगतो, शुद्धलेखन तपासा आणि हात आवरा.